हातगाडीवाले शाखाप्रमुख

कुणाच्या नव्या घरी गेलं की लोक पडदे बघतात, फरशी बघतात. मी दाराच्या चौकटीचा वरचा कोपरा बघते. तिथून एखादी बारीक रेघ तिरकी वर गेलेली दिसली की माझं गप्पांतलं लक्ष उडतं. समोर पोह्यांची बशी येते आणि मी विचारते, "ही रेघ कधीपासून आहे हो?" माटुंग्याची माझी मावसबहीण म्हणते, तुला घरी बोलवायची सोय राहिली नाही. बरोबर आहे तिचं. ही खोड मला लावली आमच्या चाळीतल्या शाखाप्रमुखांनी.

ते कुठल्याही पक्षाचे शाखाप्रमुख नव्हते. गिरगावात तसा समज व्हायला वेळ लागत नाही, म्हणून आधीच सांगून टाकते. ते मॉर्मन होते. पावणेदोनशे-दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेत निघालेला हा ख्रिस्ती वळणाचा पंथ. मुंबईत त्याची माणसं हाताच्या बोटांवर. सुरुवातीला त्यांची सभा आमच्या शेजारच्या, तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या टोकाच्या खोलीत भरायची, तीन डोकी आणि एक बाजाची पेटी. पुढे दादरला एका दुकानाच्या माडीवर भाड्याचा हॉल मिळाला, वीस-पंचवीस जण जमू लागले, आणि काका, मी त्यांना तसंच म्हणायचे, त्या मंडळीचे प्रमुख झाले. त्या मंडळीला त्यांच्यात ब्रँच म्हणतात. हे चाळीच्या सेक्रेटरींना कळलं मात्र, ते म्हणाले, "म्हणजे शाखाच की. मग हे आमचे शाखाप्रमुख." तेव्हापासून पोस्टमनसुद्धा त्यांना त्याच नावाने हाक मारायचा.

मूळचे ते गिरगावातल्या जुन्या, नाव असलेल्या घराण्यातले. धर्म बदलल्यावर भावांनी गणपतीचे मोदक पाठवायचं बंद केलं, एवढंच ते सांगत. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नव्हतं. आयुष्यभर नोकरी कॉटन ग्रीनच्या एका कापसाच्या गोदामात, कारकुनाची. आणि या सगळ्याच्या मुळाशी काय, तर फाउंटनच्या फूटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात हाताला लागलेलं एक चरित्र. त्यांच्या पंथाच्या एका जुन्या पुढाऱ्याचं. मुखपृष्ठावर हातगाडी होती म्हणून उचललं, असं ते म्हणत. गोदामाच्या दारात दिवसभर हातगाड्याच बघणारा माणूस, दुसरं काय उचलणार?

त्या पुढाऱ्याने आपल्या लोकांना छळातून सोडवून ओसाड मुलखापार नेलं. ज्यांना बैलगाडी परवडत नव्हती त्यांनी संसार हातगाडीवर लादून शेकडो मैल पायी ओढला. काका ही कथा सांगायला लागले की आमच्या चाळीतून पहिला प्रश्न ठरलेला यायचा, "त्याला बायका किती होत्या हो?" काकांचे कान लाल व्हायचे. "होत्या. बऱ्याच होत्या. ते मला पटत नाही आणि आमच्यात आता चालतही नाही. पुढे ऐका."

पुढचं ऐकण्यासारखं असायचं. एका वर्षी काही टोळ्या उशिरा निघाल्या. गाड्या घाईत केलेल्या, लाकूड ओलं. वाटेत लाकूड सुकलं, चाकं निखळली आणि डोंगरात बर्फाने गाठलं. माणसं वाटेवर गोठून मेली. बातमी पोचली तेव्हा पुढाऱ्याने चाललेली सभा बाजूला ठेवली आणि लोकांना सांगितलं की आजचा धर्म एवढाच, जा आणि त्यांना घेऊन या. इथे काका दर वेळी चष्मा काढायचे. मग चष्मा पुसत ते स्वतःशीच बोलल्यासारखं विचारायचे, "पण गाड्या ओल्या लाकडाच्या आहेत हे त्याला आधी माहीत होतं का?"

आता हा असा वीरकथा सांगणारा माणूस शूर असेल असं वाटेल. मी जन्माची भित्री. पण माझ्याहून भित्रा माणूस मी तो एकच पाहिला. कबुतर अंगावरून गेलं तरी ते खाली बसत. कुकरची तिसरी शिट्टी झाली की खोलीबाहेर येत. लिफ्ट नको, टेलिफोन नको, समुद्र तर नकोच. चौपाटीपासून दहा मिनिटांवर जन्म काढला, पण पाय पाण्याला लागू दिला नाही. वर पंथाच्या नियमाने चहा वर्ज्य, कॉफी वर्ज्य. चाळीत राहून चहा नाही म्हणणं म्हणजे रोज कुणाला तरी दुखावणं. पण ते कपभर गरम पाणी घेऊन तासभर बसायचे. सुरुवातीला आमच्या आईला त्यांच्या रिवाजाप्रमाणे "सिस्टर" म्हणाले. आई म्हणाली, "मी काय नर्स आहे?" त्या दिवसापासून वहिनी.

आईला त्यांची वेगळीच धास्ती होती. त्यांच्यात मेलेल्या पूर्वजांच्या नावाने जिवंत माणूस पाण्यात उतरून दीक्षा घेतो, असं तिने कुठेतरी ऐकलं. काकांनी लांबलचक कागदावर आपल्या घराण्याची वंशावळ लिहिलेली तिने पाहिली होती. दारात उभी राहून तिने ठणकावलं, "आमच्या ह्यांचं नाव तुमच्या कागदावर यायचं नाही." काका घाबरून म्हणाले, "वहिनी, आपापलेच घ्यायचे असतात. मला माझेच पुरे झालेत."

भीतीचं त्यांचं शास्त्र होतं. वर्षभर पुरेल एवढा गहू पत्र्याच्या डब्यांत भरून पलंगाखाली ठेवलेला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास. रोज एक पान वही लिहायची, कारण नंतर येणाऱ्यांना आपण कसे होतो ते कळलं पाहिजे. आणि जिन्याखाली हातगाडी. गोदाम बंद पडलं तेव्हा तिथून आणलेली, दोन चाकांची, सागवानी. तिच्या चाकांना ते दर शनिवारी तेल घालायचे. रविवारी तिला हात लावायचा नाही, तो त्यांचा विसाव्याचा वार. जुलैतल्या एका दिवशी मात्र टाय लावून ती गाडी चौपाटीपर्यंत ओढत न्यायचे, त्यांच्या पुढाऱ्याची आठवण म्हणून. मागून मंडळीतल्या बायका छत्र्या सांभाळत गाणं म्हणत चालायच्या. वाळू लागली की काका थांबायचे आणि समुद्राकडे न बघता गाडी वळवायचे. आम्ही गॅलरीतून हसायचो. मी एकदा विचारलं, "काका, एवढं कशासाठी घाबरायचं?"

"घाबरण्याला माझी हरकत नाही," ते म्हणाले. "माणसाने घाबरावं. पण हातगाडीला तेल घालून घाबरावं."

भेग पडली ती आमच्याच दारावरच्या भिंतीत. आधी केसासारखी होती, मग आगपेटीच्या काडीएवढी झाली. काकांनी ती पाहिली आणि दुसऱ्या दिवशी काचेच्या पट्ट्या घेऊन आले. गोदामात हेही त्यांचंच काम होतं. जुन्या भिंतींच्या भेगांवर आडवी काच चिकटवायची, दोन्ही टोकांना प्लास्टर लावायचं, वर तारीख टाकायची आणि रोज सकाळी फेरी मारून बघायची. भेग नुसती असेल तर काच टिकते, भिंत सरकायला लागली तर काच तडकते. भिंत बोलत नाही, काच बोलते, असं ते समजावत. प्रत्येक पट्टीच्या कडा ते पाट्यावर पाणी टाकून घासायचे, कुणाचं बोट कापू नये म्हणून. आमच्या मजल्यावर चार पट्ट्या लागल्या. त्यातली आमच्या दारावरची सगळ्यात मोठी.

सेक्रेटरींना ते आवडलं नाही. ते मालवणकडचे, चिडले की गावची भाषा यायची. "ह्या काय नवीन काढलात? बोर्डाचो माणूस इलो नि त्येना बघितल्यान तर नोटीस लावतलो." बोर्ड म्हणजे जुन्या चाळींची दुरुस्ती बघणारं सरकारी खातं, आणि त्यांचंही खोटं नव्हतं. नोटीस म्हणजे चाळ रिकामी, आणि चाळ रिकामी म्हणजे ट्रान्झिट कॅम्प, दुरुस्ती होईपर्यंत राहायला दिलेल्या कुठल्यातरी लांबच्या सरकारी खोल्या. माझी मोठी मावशी दोन वर्षांसाठी म्हणून कॅम्पात गेली आणि तिथूनच तिला शेवटचं नेलं. तिची मुलगी पुढे माटुंग्याला स्वतःच्या जागेत गेली, पण मावशीच्या नशिबी ते नव्हतं. आई तेव्हा पंच्याहत्तरीची. संधिवाताने गुडघे गेलेले, चार वर्षं ती तिसरा मजला उतरली नव्हती. ती म्हणायची, "मला इथनं हलवलंस तर मी मावशीसारखी तिथेच जाईन." मी विम्याच्या ऑफिसात नोकरीला, लग्न केलं नाही, घरात आम्ही दोघीच. आईचं ते वाक्य मला कॅम्पापेक्षा भयंकर वाटायचं.

काका मोतीबिंदूच्या ऑपरेशनला परळला गेले आणि तीन दिवस तिथेच राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारावरची काच तडकलेली दिसली. मधोमध, सरळ. मी दार पटकन लोटून घेतलं. आई आतून म्हणाली, "काय झालं गं?" मी म्हणाले, "काही नाही."

ते "काही नाही" मी दिवसभर निभावलं. दुपारी गॅलरीत सगळ्यांचा डोळा लागलेला असताना स्टुलावर चढून ती पट्टी काढली. जुन्या फोटोफ्रेमची काच होती, ती हार्डवेअरच्या दुकानातून त्याच मापात कापून आणली होती. प्लास्टर काकांच्याच पुडीतलं. वर त्यांच्या वळणात तीच जुनी तारीख लिहिली. एक अंक वेडावाकडा आला. मी स्वतःला सांगितलं, चार-सहा महिने जाऊ देत, आईचं काहीतरी ठरू दे, मग बघू. माणूस स्वतःला कायकाय पटवू शकतो, याचं मला आजही नवल वाटतं.

काका काळा चष्मा लावून परतले. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं म्हणून त्यांनी पट्टीवरून बोट फिरवलं. हात चटकन मागे घेतला, खिशातला रुमाल बोटाला गुंडाळला आणि म्हणाले, "ठीक आहे." मला वाटलं, सुटले.

सुटले कसली? त्यानंतर आमचं दार चौकटीत अडकायला लागलं. आधी खांदा लावून बंद व्हायचं, मग तेवढ्यानेही होईना. छतातून बारीक माती आईच्या पलंगावर पडायची आणि मी ती तिच्या नकळत झटकायचे. ऑफिसातून घरी येताना कोपऱ्यावर वळायच्या आधी मी एक क्षण थांबायचे. वळल्यावर चाळ दिसेल की नाही, या भीतीने. रोज ठरवायचे की आज काकांना सांगायचं. रोज त्यांच्या दारापर्यंत जायचे आणि मीठ मागून परत यायचे. घरात मिठाच्या तीन वाट्या साठल्या होत्या.

त्यानंतरच्या एका रविवारी दुपारी खाली गलका ऐकू आला. बघते तर काका, आणि मागे त्यांची सगळी मंडळी, बायका सभेच्या साड्यांत, पुरुष टाय लावलेले. काका जिन्याखालून हातगाडी बाहेर ओढत होते. रविवारी तिला हात लावताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. मंडळीतल्या एका बाईंनी मला मागाहून सांगितलं की ते व्यासपीठावर तीच बर्फाची कथा सांगत होते. पुढारी उठतो त्या ठिकाणी आले मात्र, स्वतःच्या बोटाकडे बघत राहिले. मग पुस्तक मिटून म्हणाले, "आज सभा इथेच. माझ्या चाळीत माणसं आहेत."

काका तिसऱ्या मजल्यावर आले, धापा टाकत. "सगळ्यांनी खाली उतरायचं. आत्ता. भिंत सरकते आहे."

सेक्रेटरी बनियनवरच बाहेर आले. "शाखाप्रमुख, आज जुलै नाही." लोक हसले. सेक्रेटरी आमच्या दारापाशी आले आणि वर बोट दाखवलं. "ही बघा काच. शाबूत. तुम्हीच लावलेली, तुमच्याच हाताची तारीख. तुमचंच शास्त्र ना हे?"

काका काचेकडे बघत राहिले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. एकदाही नाही. सगळी गॅलरी त्या काचेकडे बघत होती आणि मी दाराची चौकट धरून उभी होते. आत आई होती, खाली रस्ता होता, आणि मला वाटत होतं की मी तोंड उघडलं की आईचं मरण माझ्याच हाताने कॅम्पात लिहिलं जाणार. नाही उघडलं तर काय, तेही मला माहीत होतं.

"मी बदलली," मी म्हणाले.

"मोठ्याने सांग गं," काका हळूच म्हणाले. "टोकापर्यंत ऐकू गेलं नाही."

"काच मी बदलली. आधीची तडकली होती. बावीस दिवस झाले."

मग सेक्रेटरींची बायकोच पहिल्यांदा आत गेली आणि तिने गॅस बंद केला. तिचं बघून बाकीच्या उठल्या.

आई मात्र पलंगाचा कठडा सोडेना. माझ्याकडे बघेना. काका आत आले, तिच्यासमोर स्टुलावर बसले.

"वहिनी, घाबरलात?"

"घाबरले."

"मीसुद्धा. चला, दोघं मिळून घाबरत जाऊ."

टायवाल्या चौघांनी तिला खुर्चीसकट उचलून तीन जिने उतरवलं आणि गाडीवर बसवलं. काकांनी दांडा धरला. भर दुपारी गिरगावच्या रस्त्यावरून माझी आई हातगाडीवर बसून निघाली, तोंडावर पदर ओढून. चाकांचा जराही आवाज येत नव्हता. म्युनिसिपालिटीच्या शाळेपाशी आल्यावर तिने पदर बाजूला केला आणि म्हणाली, "ऊन बरं वाटतंय." चार वर्षांत तिच्या अंगाला ऊन लागलं नव्हतं, आणि ते माझ्या कधी लक्षातही आलं नव्हतं. तिथे रस्त्यातच मला रडू कोसळलं.

आमचा सगळ्यांचा मुक्काम त्या शाळेच्या वर्गांत पडला. अकराव्या दिवशी दुपारी आमच्या बाजूचा जिना आणि तीन मजल्यांच्या गॅलऱ्या खाली आल्या. चाळ रिकामी होती. सकाळीच सेक्रेटरी फ्रिज काढायला गेले होते, ते तोवर परतले होते. कुणाला खरचटलंही नाही.

मग काय विचारता. जे हसत होते तेच हार घेऊन आले. शाळेच्या वर्गात काकांचा सत्कार करायचं ठरलं, शाल आली, नारळ आला. काकांनी दाराला आतून कडी लावून घेतली. "मला हार घालू नका," ते आतून सांगत होते. "मी उशिरा आलो." आम्हाला वाटलं, दादरहून यायला वेळ लागला त्याबद्दल म्हणताहेत. मोठ्या मनाचा माणूस, असं सगळे म्हणाले. सेक्रेटरींनी तर नारळ दारासमोरच फोडला.

कॅम्पात आम्हाला शेजारशेजारच्या खोल्या मिळाल्या, माटुंग्याच्या पलीकडे. पहिल्याच दिवशी काका पट्टी आणि प्लास्टर घेऊन माझ्याकडे आले. मला वाटलं, आता बोलतील, आता विचारतील. त्यांनी पट्टी माझ्या हातात दिली. "तू लाव. कडा घासून घे." मी पाट्यावर अर्धा तास कडा घासल्या. बदललेल्या काचेबद्दल ते माझ्याशी कधीच बोलले नाहीत. आई अजून आहे, देवाच्या दयेने. काका मात्र दोन वर्षांनी न्यूमोनियाने गेले. मंडळीने त्यांना पांढरे कपडे घातले, बाजाच्या पेटीवर गाणं म्हटलं. महिन्याभराने मंडळीतल्या त्याच बाई, सभेतली हकीकत सांगणाऱ्या, माझ्याकडे आल्या. काकांनी माझ्यासाठी दोन गोष्टी लिहून ठेवल्या होत्या. हातगाडी, आणि त्या वर्षाची वही.

वही मी बरेच दिवस उघडली नाही. उघडली तेव्हा नेमकं ते पान शोधलं, डोळ्याच्या ऑपरेशननंतरचं. अक्षर मोठं आणि तिरकं, दिसत नसताना लिहिलेलं.

"काच बदलली आहे. कड घासलेली नाही, बोट कापलं. वहिनींच्या मुलीने बदलली असणार. घाबरली आहे. विचारलं नाही."

पुढचं पान: "आज सांगायचं ठरवलं. सेक्रेटरींच्या दारापर्यंत गेलो." त्यापुढचं: "पुन्हा हसतील. आणि नाही पडली तर?" मग: "कॅम्प लांब दिला तर दादर गाठणं कठीण. मंडळी मोडेल." मग नुसतं "उद्या." मग पुन्हा "उद्या." अशी पानंच्या पानं. मी ती मोजली. बावीस. त्यातल्या शेवटच्या पानावर त्या रविवारची सकाळ होती. "ओल्या लाकडाचं त्याला माहीत होतं का, हे मी जन्मभर विचारत आलो. आता तो प्रश्न विचारायचा मला अधिकार राहिला नाही. आज सांगायचं."

मला आधी संताप आला. बावीस दिवस माझी आई त्या भिंतीखाली झोपली, आणि शेजारच्या खोलीत या माणसाला सगळं माहीत होतं. मी वही पलंगाखाली ढकलून दिली. मग आठवलं, मीठ मागायला मी त्यांच्या दारात जायचे तेव्हा ते प्रत्येक वेळी माझी वाटी भरता भरता काहीतरी बोलायला तोंड उघडायचे आणि मग म्हणायचे, "आणखी हवंय का?" आम्ही दोघं एकाच भेगेखाली उभे राहून एकमेकांना मीठ देत-घेत होतो. त्यांनी दुसरी कुठलीही वही मला दिली असती. नेमकी हीच दिली, कारण आपण कसे होतो ते त्यांना कुणालातरी कळायला हवं होतं.

हे मी माटुंग्याला मावसबहिणीकडे बसून लिहिते आहे. आई आत झोपली आहे. आज सकाळी उठले तर कॅम्पातली आमच्या दारावरची पट्टी तडकलेली होती. घाबरले होतेच. चहाचं आधण ठेवलं होतं ते तसंच बंद केलं आणि खाली जाऊन मधल्या अंगणात उभी राहिले. मग टोकापर्यंत ऐकू जाईल असं सांगितलं. दोघे-तिघे हसले. एकाने विचारलं, "नाही पडली तर?" मी म्हणाले, "तर मला हसा." इंजिनिअर उद्या येणार आहे. कदाचित म्हणेल, काही नाही, उगाच घाबरवलंत.

आईला मी गाडीवर घालून इथवर आणली. चाकांचा आवाज आला नाही, तेल कालच घातलं होतं. बहिणीने चहा पुढे केला. तो घेण्याआधी मी काकांच्या वहीतलं त्यांनी कोरं सोडलेलं शेवटचं पान काढलं आणि लिहिलं, "काच तडकली. आजच सांगितलं."